महिन्याला किती किलो? वजनाचे आणि कॅलरीचे उद्दिष्ट हिशेबाने कसे ठरवावे

तुळशीचे लग्न आटोपले आणि घरोघरी लग्नपत्रिका येऊ लागल्या, की नागपूरच्या व्यायामशाळांमध्ये आणि फुटाळ्याच्या काठावर सकाळी नवे चेहरे दिसू लागतात. त्यांपैकी बहुतेकांच्या मनात एक आकडा आणि एक तारीख पक्की असते: फेब्रुवारीतल्या लग्नापर्यंत, म्हणजे तीन महिन्यांत, पंधरा किलो. हा आकडा कुठून आला असे विचारले, तर तो एखाद्या जुन्या फोटोतून, जाहिरातीतून किंवा ओळखीच्या कोणाच्या अनुभवातून आलेला असतो. स्वतःच्या शरीराच्या आणि स्वतःच्या स्वयंपाकघराच्या हिशेबातून तो क्वचितच आलेला असतो. उद्दिष्ट चुकीचे असेल तर माणूस कितीही प्रामाणिकपणे झटला तरी शेवटी निराशच होतो आणि दोष मात्र स्वतःच्या मनोनिग्रहाला देतो. असे होऊ नये म्हणून हा हिशेब सविस्तर मांडत आहे.

आधी मोजमापाचे. आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो, ती शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी असते, म्हणजे एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरही हीच मात्रा छापलेली असते आणि या लेखात सर्वत्र कॅलरी म्हणजे तीच समजावी. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून साधारण 4 आणि एक ग्रॅम तेला-तुपातून 9 कॅलरी मिळतात. शरीरात साठलेल्या चरबीच्या थरात थोडे पाणी आणि पेशींचा इतर भागही असल्यामुळे एक किलो साठलेली चरबी म्हणजे 9,000 नव्हे, तर सुमारे 7,700 कॅलरी असे धरले जाते.

आता पंधरा किलोंचे गणित करून पाहू. पंधरा किलो चरबी म्हणजे 1,15,500 कॅलरी. ती नव्वद दिवसांत संपवायची तर रोज सुमारे 1,280 कॅलरींची तूट पडली पाहिजे. उदाहरणासाठी एक स्त्री कल्पू: वय 42, उंची 158 सेंटिमीटर, वजन 74 किलो, बैठे काम आणि त्याला जोडून घरातली नेहमीची कामे. तिचा दिवसाचा एकूण खर्च सुमारे 1,900 कॅलरी असतो (तो कसा काढला ते पुढे येईल). त्यातून 1,280 वजा केल्यावर तिच्या ताटात उरतात 620 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वजन कमी करण्यासाठीचा आहारही दिवसाला 1,000 कॅलरींच्या खाली जाऊ नये आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित समजावी. म्हणजे हे उद्दिष्ट केवळ अवघड नाही, तर ते घरच्या घरी, वैद्यकीय देखरेखीशिवाय गाठण्याचा प्रयत्नही करू नये असे आहे.

आपला खर्च किती

शरीराचा सर्वांत मोठा खर्च आपण काहीही करत नसताना होतो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि श्वासोच्छ्वास यांवरच बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभरातल्या ऊर्जेचा साठ ते सत्तर टक्के भाग जातो. हा मूळ खर्च काढण्यासाठी 1990 मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र आजही सर्वाधिक वापरले जाते आणि ते कोणालाही वहीवर करता येते: किलोमधले वजन गुणिले 10, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. आलेल्या संख्येत पुरुषांनी 5 मिळवावेत आणि स्त्रियांनी 161 वजा करावेत. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीसाठी 740 अधिक 987.5, वजा 210, वजा 161, म्हणजे सुमारे 1,357 कॅलरी येतात. बैठे काम आणि थोडीफार हालचाल असेल तर या संख्येला साधारण 1.4 ने गुणतात आणि त्यातून 1,900 हा आकडा मिळतो.

हे सूत्र सरासरीचे आहे. सारख्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या दोन व्यक्तींचा खरा खर्च दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असणे अगदी सामान्य आहे, आणि 1,900 चे दहा टक्के म्हणजे 190 कॅलरी, जवळजवळ दोन पोळ्या. त्यामुळे सूत्रातून आलेली संख्या ही सुरुवातीचा अंदाज समजावी आणि तीन-चार आठवड्यांनी वजनकाट्याने जे सांगितले त्यानुसार ती दुरुस्त करावी. पडताळ्यासाठी आणखी एक आकडा उपयोगी पडतो: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या अहवालानुसार बैठे काम करणाऱ्या 55 किलोंच्या स्त्रीची दिवसाची गरज 1,660 कॅलरी आणि 65 किलोंच्या पुरुषाची 2,110 कॅलरी आहे. मोबाइलवरील एखाद्या अॅपने किंवा मनगटावरच्या घड्याळाने बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन स्त्रीला 2,600 कॅलरींचा खर्च दाखवला, तर तो आकडा बाजूला ठेवावा हे बरे.

कागदावरचे एकोणीस किलो

या विषयात सर्वाधिक गैरसमज ज्या एका गोष्टीमुळे होतो, तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. समजा, आपल्या उदाहरणातल्या स्त्रीने रोज 400 कॅलरींची तूट ठेवायचे ठरवले. आठवड्याला 2,800 कॅलरी, भागिले 7,700, म्हणजे आठवड्याला सुमारे 360 ग्रॅम आणि महिन्याला दीड किलो. इथपर्यंत हिशेब ठीक आहे. पण हाच हिशेब वर्षभर पुढे ओढला, तर 400 गुणिले 365 भागिले 7,700, म्हणजे जवळजवळ एकोणीस किलो येतात, आणि इथे तो साफ चुकतो. मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी 1958 मध्ये मांडलेला हा ठोकताळा पुढे अर्धशतकभर पाठ्यपुस्तकांत आणि आहाराच्या तक्त्यांत जसाच्या तसा वापरला गेला, परंतु वजन उतरत असताना शरीराचा खर्च स्थिर राहतो असे त्यात गृहीत धरलेले आहे.

प्रत्यक्षात तो स्थिर राहत नाही. पाण्याने भरलेल्या टाकीची खालची तोटी उघडी सोडली, तर सुरुवातीला धार जोरात पडते आणि पातळी उतरेल तशी ती मंदावत जाते. तोटी कोणी बंद केलेली नसते, आतला दाबच कमी झालेला असतो. शरीराचेही तसेच आहे. हलक्या शरीराला चालायला, उभे राहायला आणि नुसते जिवंत राहायलाही कमी ऊर्जा पुरते. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचे वजन 66 किलोंवर आले, तर त्याच सूत्राने तिचा दिवसाचा खर्च 1,900 वरून साधारण 1,790 होतो. त्याशिवाय शरीर थोडी काटकसर करू लागते, न कळत हालचाल कमी होते आणि खर्च सूत्राने सांगितल्यापेक्षाही थोडा खाली जातो. 1995 मध्ये रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी वजन दहा टक्के घटल्यावर होणारी ही घसरण प्रत्यक्ष मोजून दाखवली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या बदलत्या खर्चाचे गणित मांडले आणि त्यातून एक सोपा नियम हाती आला. आहारात रोज सुमारे 24 कॅलरींची कायमची घट केली, तर शेवटी वजन सुमारे एक किलोने कमी होऊन तिथे स्थिरावते. यातली निम्मी घट पहिल्या वर्षात होते आणि 95 टक्के घट व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागतात. हा नियम 400 कॅलरींना लावला, तर अंतिम घट सुमारे साडेसोळा किलो आणि पहिल्या वर्षाची सुमारे आठ किलो येते. एकोणीस आणि आठ यांच्यातला हा अकरा किलोंचा फरक म्हणजे कोणाचा आळस नाही आणि कोणाची फसवाफसवीही नाही. तो शरीराच्या कामाच्या पद्धतीतूनच आलेला आहे. ज्या व्यक्तीला हे आधी सांगितलेले असते, ती आठ किलो उतरल्यावर समाधानी असते; ज्या व्यक्तीला एकोणीस सांगितलेले असतात, ती तेच आठ किलो उतरवूनही स्वतःला नापास ठरवते.

यात भुकेचाही मोठा वाटा आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. हॉल यांच्याच गटाने 2016 मध्ये दाखवले, की घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च रोज वीस ते तीस कॅलरींनी उतरतो, पण भूक मात्र रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा रोज पाचशे कॅलरी जास्त खाव्याशा वाटतात. सहाव्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास बहुतेकांचे वजन जिथे अडते, तिथे चयापचय बंद पडलेला नसतो. वाढलेल्या भुकेपुढे पूर्वीचा नेम हळूहळू, स्वतःच्याही लक्षात न येता, सैल झालेला असतो. म्हणूनच माझे ठाम मत आहे, की सुरुवातीची तूट जितकी मोठी, तितके उद्दिष्ट अधिक नाजूक असते. भुकेचा हा दाब वर्षभर सोसता येईल अशीच तूट निवडावी, आणि बहुतेक नोकरदार, संसारी माणसांसाठी ती रोज 300 ते 500 कॅलरींच्या दरम्यान येते.

मग किती किलो म्हणजे पुरेसे

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचा देहभार निर्देशांक, म्हणजे वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, 29.6 येतो. भारतीयांसाठी 2009 मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार 23 पासून पुढे जादा वजन आणि 25 पासून पुढे स्थूलता धरली जाते. पाश्चात्त्य देशांतल्या 25 आणि 30 या मर्यादांपेक्षा आपल्या मर्यादा खाली असण्याचे कारण आपल्या शरीराच्या ठेवणीत आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली होती: दोघांचाही निर्देशांक 22.3, पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचे 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांतही पोटाभोवती चरबी अधिक असते, म्हणून काट्याबरोबर कमरेचे मापही घ्यावे. पुरुषांनी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांनी 80 सेंटिमीटर ही मर्यादा लक्षात ठेवावी.

निर्देशांक 23 च्या खाली आणायचा तर या स्त्रीला 57 किलोंवर यावे लागेल, म्हणजे सतरा किलो कमी करावे लागतील. इथे पुष्कळ लोक, आणि खेदाने सांगावे लागते की काही सल्लागारही, 57 हाच आकडा उद्दिष्ट म्हणून लिहून देतात. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये साठ स्थूल स्त्रियांना उपचारापूर्वी त्यांचे इच्छित वजन विचारले, तेव्हा त्यांनी सरासरी 32 टक्के घट हवी असल्याचे सांगितले. 48 आठवड्यांनंतर त्यांचे वजन सरासरी सोळा किलोंनी उतरले, जे कोणत्याही मापाने उत्तम यश होते. तरीही त्यांच्यापैकी 47 टक्के स्त्रिया, त्यांनी स्वतःच सुरुवातीला 'एवढ्यावर थांबले तर निराशा होईल' म्हणून सांगितलेल्या वजनापर्यंतही पोचल्या नव्हत्या.

आरोग्यासाठी लागणारा आकडा याहून कितीतरी लहान आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 3,234 लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जीवनशैली बदलणाऱ्या गटाला वजनाच्या केवळ 7 टक्के घटीचे आणि आठवड्याला 150 मिनिटांच्या व्यायामाचे उद्दिष्ट दिलेले होते. त्यांची प्रत्यक्ष सरासरी घट साडेपाच किलोंच्या आसपास राहिली आणि तेवढ्यानेही मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. चेन्नईत झालेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात तर वजनात फारसा फरक न पडताही आहार आणि चालणे सुधारल्याने ते प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झाले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी आणखी एक मोजमाप आहे: घटलेल्या प्रत्येक किलोमागे चालताना दर पावलाला गुडघ्यावर येणारा भार चार किलोंनी कमी होतो.

म्हणून 74 किलोंच्या स्त्रीने पहिले उद्दिष्ट 5 टक्क्यांचे, म्हणजे सुमारे 70 किलोंचे ठेवावे आणि त्यासाठी चार महिने धरावेत. दुसरे उद्दिष्ट 10 टक्क्यांचे, म्हणजे 66 ते 67 किलोंचे असावे आणि त्याला सुरुवातीपासून वर्षभराचा अवधी द्यावा. 57 चा आकडा आज कागदावर लिहूच नये. तिथे कधी जायचे आणि जायचे की नाही, हे 67 किलोंवर सहा महिने स्थिर राहिल्यावर ठरवण्याची गोष्ट आहे.

चारशे कॅलरी ताटातून कशा निघतात

कॅलरीचे उद्दिष्ट संख्येत राहिले तर ते आठवडाभरात विरून जाते. ते तेलाच्या डब्यात, साखरेच्या चमच्यात आणि पोळीच्या संख्येत उतरले पाहिजे. याला एक भक्कम कारणही आहे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अमेरिकी अभ्यासात, 'मी फार कमी खाते तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असलेल्या लोकांचे खाणे आणि खर्च प्रत्यक्ष मोजले, तेव्हा त्यांनी आपले खाणे सरासरी 47 टक्क्यांनी कमी आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त सांगितल्याचे आढळले. ती माणसे खोटे बोलत नव्हती. डोळ्यांनी कॅलरी मोजणे माणसाला जमतच नाही, आणि ज्या ताटात तेल भाजीत मुरलेले असते तिथे तर मुळीच जमत नाही.

आपल्याकडे हिशेब तेलापासूनच सुरू करावा. ताटातले तेल मोजण्यापेक्षा महिन्याचे तेल मोजणे सोपे आणि अधिक खरे असते. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर दर माणशी रोज सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे 275 कॅलरी केवळ तेलाच्या होतात. पाच लिटर लागत असेल, तर त्या 345 होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2,000 कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून 27 ग्रॅमचे प्रमाण सुचवले आहे, आणि आपली स्त्री तर 2,000 पेक्षा कमी खाणार आहे. महिन्याला एक लिटर तेल कमी आणले, तर घरातल्या प्रत्येकाच्या ताटातून रोज सुमारे 70 कॅलरी कोणाच्याही लक्षात न येता निघून जातात. तेल कमी केल्याने वरणाची किंवा पालेभाजीची चव जात नाही. ती जाते असे वाटणाऱ्यांनी फोडणी तीच ठेवून फक्त कढईत आधी ओतायचे तेल पळीऐवजी चमच्याने मोजावे.

आपल्या जेवणातल्या काही पदार्थांचा स्वभाव मात्र ओळखून असावा. तर्री पोह्यांतल्या पोह्यांपेक्षा वर तरंगणारी तर्री महत्त्वाची. तिच्यातल्या दोन लहान चमचे तेलाच्या 80 कॅलरी होतात आणि तर्री दुसऱ्यांदा मागितली की त्या दुप्पट होतात. वडाभातावर किंवा गोळाभातावर वरून घेतलेली दोन मोठे चमचे फोडणी म्हणजे 250 कॅलरी, म्हणजे अडीच पोळ्यांइतकी भर, आणि वडे तळलेले आहेत ते वेगळेच. सावजी रश्श्याबद्दल वेगळे सांगायला नको. हे पदार्थ सोडा असे मी म्हणणार नाही, कारण जे उद्दिष्ट नागपुरात राहून सावजी कायमचे बंद करायला लावते, ते फार दिवस टिकत नाही. त्याऐवजी हिशेब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा: रविवारच्या जेवणात 600 कॅलरी जास्त जाणार असतील, तर उरलेल्या सहा दिवसांत शंभर-शंभर कॅलरी कमी घेऊन त्या भरून काढता येतात. आठवड्यात असा एक रविवार बसतो, तीन बसत नाहीत.

उपवासाचेही असेच मोजून पाहावे. साबुदाण्याच्या एका बशीभर खिचडीत साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा धरला, तर साडेचारशेच्या वर कॅलरी होतात आणि प्रथिने जेमतेम सात-आठ ग्रॅम मिळतात. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांनी तो जरूर करावा. वजनाच्या हिशेबात मात्र तो वजाबाकीचा दिवस म्हणून धरू नये.

आता 400 ची तूट जुळवून पाहू. तेलातून 70 निघाल्या. दिवसाच्या चार कप चहात प्रत्येकी दोनऐवजी एक चमचा साखर घेतली की 80 निघतात. एक पोळी किंवा तेवढाच भात कमी केला की 100 निघतात. पण त्या जागी काकडी, टोमॅटो, कोबी किंवा पालेभाजीची मोठी वाटी घ्यावी, नाहीतर ताट अर्धे रिकामे दिसते आणि पोटही तशीच तक्रार करते. उरलेल्या 150 चालण्यातून निघतात. अंबाझरीच्या परिसरात किंवा सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर चार किलोमीटर झपाझप चालले, तर या वजनाच्या व्यक्तीचा, बसून राहिल्यावर झालाच असता तो खर्च वजा करून, 150 ते 200 कॅलरींचा जादा खर्च होतो. दोन समोशांच्या प्लेटमध्ये याच्या दुपटीहून अधिक कॅलरी असतात, त्यामुळे चालून आल्यावर त्या बक्षीस म्हणून खाऊ नयेत. चालण्याचा खरा उपयोग घटलेले वजन टिकवण्यात, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यात आणि मन ताळ्यावर ठेवण्यात आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा ऊन वर येण्याआधीच फेरी संपवावी आणि जमले नाही तर घरातच जिना किंवा गच्चीखालची मोकळी जागा वापरावी. उन्हाळ्याचे दोन महिने वगळून बारा महिन्यांचे उद्दिष्ट आखणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण त्या दोन महिन्यांत वजन न वाढू देणे हेच पुरेसे आहे.

एक गोष्ट यात कापायची नाही आणि ती म्हणजे प्रथिने. केवळ खाणे कमी करून उतरवलेल्या वजनातला सुमारे चौथा भाग स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो, आणि स्नायू गेले की खर्च आणखी उतरतो. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीने दिवसाला साठ ते सत्तर ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य ठेवावे. वरण-भात-पोळी-भाजीच्या नेहमीच्या जेवणात ते सहसा चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे जात नाही. विदर्भाच्या शेतांत तूर, हरभरा आणि सोयाबीन मुबलक पिकते, म्हणून हे दुःख अधिकच वाटते. वरण घट्ट करणे, रोज वाटीभर मोड आलेली कडधान्ये, दही, अंडी किंवा मासे, आणि आठवड्यातून दोनदा तीस ग्रॅम सोयाबीन वडी (तिच्यात पंधरा ग्रॅम प्रथिने असतात) यांनी ही उणीव भरून निघते. जोडीला आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचे किंवा उठाबशांसारखे ताकदीचे व्यायाम असावेत.

वजनकाटा काय सांगतो आणि काय नाही

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरलेले पाहून लोक हरखतात आणि तिसऱ्या आठवड्यात काहीच न उतरल्याने खचतात. दोन्ही प्रतिक्रिया पाण्यामुळे झालेल्या असतात. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा ठेवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी होताच हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडते. उलट पापड, लोणचे आणि खारट पदार्थ जास्त झाले, की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो. स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या आधी असेच होते. मे महिन्यात दुपारी बाहेर जाऊन आल्यावर काटा एक किलो कमी दाखवत असेल, तर ते घामाचे पाणी आहे आणि ते लगेच पिऊन भरून काढायचे आहे.

चरबी आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम उतरत असताना पाणी एका दिवसात किलोभर वरखाली होत असेल, तर एका दिवसाच्या वजनावरून काहीही ठरवता येणार नाही, हे उघड आहे. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे, ते लिहून ठेवावे आणि आठवड्याची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. चार आठवड्यांच्या सरासरीत काहीच फरक नसेल, तरच हिशेब बदलावा. आणि बदलतानाही आधी तेलाचा डबा व चहाची साखर पुन्हा मोजावी, ताट नंतर कमी करावे. ज्यांना रोजच्या आकड्याने अस्वस्थ वाटते, त्यांनी आठवड्यातून एकदाच वजन करावे आणि महिन्यातून एकदा कमरेचे माप घ्यावे.

कोणी हा हिशेब स्वतःच्या मनाने करू नये

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून मात्रा बदलून घ्यावी, कारण तीच गोळी कमी जेवणावर साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते. रक्तदाबाच्या औषधांचेही वजन उतरेल तसे पुनरावलोकन लागते. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण, सत्तरी ओलांडलेली माणसे आणि ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे अशा व्यक्ती यांच्यासाठी वरचे आकडे लागू नाहीत. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, हेही घाई करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि काहीही न करता वजन उतरू लागले, तर तो आनंदाचा नव्हे, तपासणीचा विषय आहे.

वर्षाच्या शेवटी आपल्या उदाहरणातली स्त्री 66 किंवा 67 किलोंवर असेल, तेव्हा तिने सूत्र नव्या वजनाने पुन्हा मांडावे. तिचा खर्च आता 1,750 ते 1,800 च्या आसपास असेल, म्हणजे सुरुवातीला ती जे खात होती ते 1,900 कॅलरींचे ताट तिच्यासाठी आता शंभर ते दीडशे कॅलरींनी जास्तीचे झालेले असते. 'झाले एकदाचे' म्हणून ते ताट परत आले, तर वजनही हळूहळू 74 कडे परत जाते. म्हणून तेलाचे आणि साखरेचे नवे प्रमाण तसेच ठेवावे, चालणे चालू ठेवावे आणि आठवड्याच्या सरासरीत दोन किलोंची वाढ दिसली, की पुढच्या लग्नसराईची वाट न पाहता त्याच आठवड्यापासून पुन्हा रोजची तीनशे कॅलरींची तूट धरावी.